रिमचा रंग दर पावसाळ्यात सुटतो? आधी निघालेला पापुद्रा उलटा करून पाहा

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. घरची जुनी जीप, ट्रॅक्टर, ट्रॉली आणि शेजारपाजारच्या गाड्या मिळून गेली बारा-तेरा वर्षं मी लोखंडी रिम रंगवतो आहे. हा माझा धंदा नाही, शेतीतून सवड मिळाली की करतो. कुणी डिस्क म्हणतं, कुणी रिम. इथे पत्र्याच्या अख्ख्या चाकाला मी रिम म्हणतो. अलॉयचं काम वेगळं, ते यात धरलेलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रिम आधी एक-दोनदा रंगवलेली असते. बोलणंही ठरलेलं: “भाऊ, मागच्या दसऱ्याले तं मारला होता रंग, आता पुन्हा निघून राह्यला. डबा डुप्लिकेट भेटला काय?” इतक्या वर्षांत डब्याचा दोष मला दोन-तीनदाच सापडला. बाकी प्रत्येक वेळी दोष रंगाच्या खाली होता. तो तसाच ठेवून वर कितीही महागाचा रंग मारला तरी तोही पुढच्या पावसाळ्यात निघतो. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी रंग कुठून आणि कसा सुटतो ते नीट बघा.

लक्षणं

पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर अंगावर घामोळं यावं तसे बारीक फुगे येतात. ऊन लागलं की बसतात, पुन्हा ओल आली की वर येतात.

धुताना पाण्याच्या जोरानेच रंगाचे मोठे पापुद्रे निघतात, कांद्याच्या सालीसारखे.

कडेला, वेल्डिंगच्या रेषेवर, नटाच्या भोकांभोवती किंवा व्हॉल्व्हपाशी तपकिरी ठिपके पडतात आणि तिथून ओघळ येतात.

दुसरा हात मारल्यावर पाच-दहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात.

रंग बसतो पण चमक येत नाही. पांढुरका दिसतो, नाहीतर हाताला खरखरीत लागतो.

एकाच चाकाचा रंग मऊ, चिकट होतो किंवा करपल्यासारखा दिसतो आणि बाकीची चाकं ठीक असतात. हे लक्षण रंगाचं नाही, गाडीचं आहे. त्याबद्दल लगेच पुढे सांगतो.

शेवटचं लक्षण म्हणजे रंगवल्यापासून नट ढिले होणं, एखाद्या चाकाची हवा रोज थोडी कमी होणं, किंवा ६०-७० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरणं.

पहिली तपासणी: पापुद्रा उलटा करा

पैसा लागत नाही, दोन मिनिटांचं काम. सुटलेला रंग नखाने किंवा ब्लेडने उचला आणि त्याची मागची बाजू उजेडात पाहा.

मागे तपकिरी भुकटी चिकटलेली असेल तर गंज न काढता वर रंग मारला गेला आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. खालून फुगत जाणारा गंजच रंगाला ढकलून उचलतो. मागची बाजू प्रायमरची आणि गुळगुळीत असेल, खाली लोखंड स्वच्छ दिसत असेल, तर प्रायमरने लोखंडाला धरलंच नाही. तिथे तेलकटपणा होता किंवा लोखंड पुरेसं घासलेलं नव्हतं. वरचा सिल्व्हर किंवा काळा रंग तेवढा निघाला आणि प्रायमर रिमवरच राहिला, तर बिघाड या दोन थरांमध्ये आहे. प्रायमर फार दिवस उघडा राहिला, त्यावर पेपर मारला नाही, किंवा दोन्हींची जात जुळली नाही.

फुगा असेल तर सुईने फोडा. आतून पाण्याचा थेंब निघाला तर खाली मीठ आहे असा माझा पहिला संशय असतो.

ज्या जागचा रंग अजून धरून आहे तिथेही एक परीक्षा घ्या. ब्लेडने उभ्या-आडव्या चार-पाच रेघा लोखंडापर्यंत मारून चौकडी पाडा, त्यावर पॅकिंगची टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपवर निघून आले तर तो भागही जाणारच आहे. त्यावर पेपर फिरवून नवा हात देण्यात अर्थ नाही, सगळा रंग काढावा लागेल.

दुसरी: एकच चाक, की सगळी?

आमच्या वाडीतल्या एका काकाजींच्या व्हॅनचं मागचं डावं चाक मी दोनदा रंगवलं. दोन्ही वेळा महिन्याभरात आतल्या बाजूने रंग मऊ पडून गळू लागला. तिसऱ्यांदा चाक काढलं तेव्हा ड्रमच्या खालच्या कडेला ओल दिसली. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत होतं. हे ऑइल रंग विरघळवतं, रंगकाम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. तरी दोनदा ते माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही, आणि तेवढे दिवस ते अख्खं कुटुंब त्या गाडीतून अमरावतीला ये-जा करत होतं.

तेव्हापासून एकाच चाकाची तक्रार आली की रंगाचं बोलायच्या आधी मी ब्रेक पाहतो. रंग मऊ आणि आतून ओला असेल तर ब्रेक ऑइलची टाकी बघा, पातळी खाली गेलेली असू शकते. रंग करपलेला, तपकिरी पडलेला असेल तर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. बाकी चाकांपेक्षा ते जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. दोन्हींपैकी काहीही निघालं तर रंगकाम इथेच थांबवा आणि मिस्त्रीला दाखवा.

तिसरी: चाक कोणत्या पाण्याने धुतलं?

यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझी स्वतःची तीन वर्षं यात गेली.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे. मोटरसायकल धुऊन उन्हात ठेवली की टाकीवर पांढरे डाग राहतात. मी जीपच्या रिम नेमाने घासायचो, गंज पूर्ण काढायचो, बोअरच्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवायचो, प्रायमर द्यायचो आणि रंग मारायचो. पहिल्या पावसात फुगे. पेपर बदलला, प्रायमर बदलला, रंग बदलला, तरी फुगे आलेच.

चौथ्या वर्षी काही कामानं परतवाड्याला साडूंकडे आठ दिवस मुक्काम होता. दोन रिम तिथेच रंगवल्या. डबे तेच, ब्रश तोच, हात माझाच. त्या दोन रिमना दोन पावसाळे एकही फुगा आला नाही. घरी रंगवलेल्या बाकी दोन त्याच पावसाळ्यात फुगल्या. वेगळं काय होतं, तर फक्त धुण्याचं पाणी. परतवाडा मेळघाटच्या पायथ्याशी आहे, तिथलं पाणी गोडं.

कारण असं की रंगाचा कोणताही थर पूर्ण जलरोधक नसतो, ओल त्यातून हळूहळू आत जातेच. खाली लोखंडावर मिठाचा अंश असला की तो ही ओल ओढून घेतो, तिथे पाणी साचतं आणि रंग वर उचलला जातो. डोळ्यांना लोखंड स्वच्छ दिसतं, मीठ दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. आपल्या पाण्याचे चमचाभर थेंब काचेवर टाका आणि उन्हात वाळू द्या. पांढरा थर राहिला तर शेवटचं धुणं त्या पाण्याने करू नका. चिखल-माती बोअरच्या पाण्याने काढली तरी चालेल, पण घासून झाल्यावरचा शेवटचा हात नळयोजनेच्या गोड्या पाण्याचा किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा हवा. एका रिमला दोन-तीन लिटर पुरतं. लगेच कापडाने पुसा आणि उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर काही तासांतच लोखंडावर गंजाची पुसट पिवळी छटा चढते.

खारपाणपट्ट्याबाहेर राहणाऱ्यांनीही खताचा विचार करावा. ज्या ट्रॉलीतून पोटॅश वाहिलं जातं, तिच्या रिमवर तेच होतं, कारण म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. खत उतरवल्यावर त्याच दिवशी चाकं धुवा. काळ्या मातीचं लोंदकं रिमच्या आतल्या पन्हाळीत चिकटून वाळतं आणि आतून आठवडाभर ओलं राहतं, तेही खुरप्याने काढून टाका. याच लोंदक्यामुळे चाक थरथरतं, बॅलन्सिंगचे पैसे त्याआधी घालवू नका.

चौथी: डिझेलचा हात लागला होता का?

चाकं डिझेलने किंवा रॉकेलने पुसायची आपल्याकडे जुनी सवय. ग्रीस निघतं, रिम काळीभोर चमकते आणि मागे तेलाचा पातळ पापुद्रा राहतो. प्रायमर त्या तेलावर बसतो, लोखंडावर बसत नाही. मग पहिल्या धुण्याला सालपट निघतं.

रिमवर गोडं पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर रिम स्वच्छ आहे. थेंब-थेंब होऊन फाटलं तर तेल आहे. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रशने घासा, धुवा आणि पुन्हा पाणी ओतून बघा. पाणी सलग पसरेपर्यंत हे करायचं. सोडा डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे घाला. रंगाच्या आधी शेवटचं पुसणं थिनरने करा, तेही दोन पांढऱ्या कापडांनी. एक ओलं फिरवायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलून घ्यायचं. एकाच कापडाने पुसत राहिलं तर तेल फक्त इकडचं तिकडे जातं.

टायरला पॉलिश मारलेलं असेल तर त्यात सिलिकॉन असू शकतं. त्याचा थेंब रिमवर असला तर रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. रंगकामाच्या महिनाभर आधीपासून टायर पॉलिश बंद ठेवा.

पाचवी: वेळ आणि हवा

दसऱ्याच्या आदल्या रात्री अंगणात मारलेला रंग टिकत नाही, कारण त्या दिवसांत हवेत ओल असते आणि रात्री लोखंड गार पडतं. मे महिन्यात पारा कधीकधी ४५ च्या वरही जातो. उन्हात ठेवलेली रिम हाताला चटका देते, स्प्रेचा थेंब लोखंडावर पसरायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत भुकटी बसते. माझा अनुभव असा की नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन, सावलीत, ही आपल्याकडची सगळ्यात चांगली वेळ. हिवाळ्यात सकाळी दव असतं, घाई करू नका.

शंका असेल तर ओलं कापड रिमवरून एकदा फिरवा. पंधरा मिनिटांत ती ओल आपोआप वाळली नाही तर त्या दिवशी रंग नको.

सहावी: खालचा रंग आणि वरचा रंग

सुरकुत्या पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. खाली डब्यातला साधा इनॅमल, वर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा झटपट वाळणारा रंग किंवा स्प्रे कॅन. वरचं जहाल थिनर खालच्या अर्धवट वाळलेल्या इनॅमलमध्ये शिरतं, तो फुगतो आणि गोळा होतो. जुना रंग कोणता आहे ते कळायला कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो लॅकर जातीचा आहे. सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला किंवा हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळलेला रंग आहे, त्यावर पेपर मारून काहीही चालतं.

इनॅमलवर इनॅमलच मारा, पातळ करायला टर्पेंटाइन वापरा. स्प्रे कॅन वापरायचा असेल तर इनॅमल पूर्ण काढा. कॅनवर दोन हातांमधली वेळ लिहिलेली असते, ती पाळा. पुष्कळ कॅनना “तासाभराच्या आत, नाहीतर २४ तासांनंतर” असं असतं. मधल्या वेळेत मारला की सुरकुत्या.

सातवी: गंज किती खोल आहे?

आता मेहनतीचं काम. चाक गाडीवरून काढा. दुसऱ्या चाकांना दगड लावा आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. स्टँड नसेल तर जाड लाकडी ठोकळे रचा.

तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग १२० आणि २२०. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागा टोचा. सुटा गंज पूर्ण निघालाच पाहिजे. खड्ड्यांच्या तळाशी घट्ट बसलेला काळपट गंज राहतो, त्यापुरतं फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर वापरा. सुट्या गंजावर ते काही करत नाही, म्हणून “गंजावर ओता, घासायची गरज नाही” या जाहिरातीवर विसंबू नका.

जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा पिवळा किंवा नारिंगी रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट. पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लेकरांना आणि ढोरांना तिथून लांब ठेवा. घासलेला राडा शेणखताच्या ढिगावर टाकू नका.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल आणि गंज व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीच असेल, तर पाणी आतून झिरपतंय. बाहेरून कितीही रंगवा, आतला गंज चालूच राहतो. टायर उतरवून घ्यावं लागेल, ते काम टायरवाल्याचं.

प्रायमर म्हणून नुसत्या स्वस्त रेड ऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेट असलेला घ्या. रेड ऑक्साइड लोखंड झाकतो, झिंक फॉस्फेट गंजाला अटकावही करतो. प्रायमरवर गाडी आठवडाभर फिरवू नका, तो ओल पितो. दुसऱ्या दिवशी ३२० चा हलका हात मारून रंग द्या.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. धारदार कडेवरून रंग ओघळून पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी छोट्या ब्रशने फक्त कडा, वेल्डिंग आणि भोकांच्या काठांना प्रायमर द्यायचा. तो वाळला की मग सगळ्या रिमला. टायर झाकायला जुन्या लग्नपत्रिका कापून टायर आणि रिमच्या मध्ये खोचा. हवा थोडी कमी केली की त्या सहज आत जातात. हवा पूर्ण सोडू नका, ट्यूबलेस टायर जागेवरून सुटलं तर घरच्या पंपाने पुन्हा बसत नाही. बॅलन्सिंगची शिशाची वजनं उपटू नका, त्यांच्यावरूनच रंग जाऊ द्या.

आठवी: नटाची जागा आणि हबची बाजू

इथे रंग नको. नट बसतो ती निमुळती कड आणि रिम हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकते ती मागची सपाट बाजू टेपने झाका. तिथे रंगाचा जाड थर असला की नट आवळताना तो घट्ट लागतो. मग चालताना तो थर दबतो, झिजतो आणि नट ढिला होतो. आधीच रंग बसला असेल तर पेपरने काढून टाका. सपाट बाजूवर प्रायमरचा पुसट अंश राहिला तर हरकत नाही. नटाच्या आट्यांना ऑइल-ग्रीस लावू नका, त्याने पाना तेवढ्याच जोरात जास्त आवळतो.

हवा कमी होत असेल तर रिमच्या कडेवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. कडेवर बुडबुडे आले तर टायर बसते त्या आतल्या काठावर गंज आहे. पंक्चरवाल्याकडून टायर उतरवूनच तो साफ होतो.

इथे थांबा

घासताना भोकांच्या मध्ये किंवा वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ दिसली तर ती तडा आहे. रंगाने ती झाकली जाते, बुजत नाही. लांबी (पुट्टी) भरून किंवा वेल्डिंग करून ती रिम वापरू नका, बदला. कड वाकलेली असेल, पत्रा सुरीसारखा पातळ झाला असेल, तरी तसंच.

टायर चढवलेलं असताना रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही नको, हवा सोडलेली असली तरीही. आतलं रबर तापून वायू होतो आणि टायर बॉम्बसारखं फुटतं.

ट्रकची किंवा जुन्या ट्रॉलीची लॉक रिंग असलेली, दोन-तीन भागांची रिम घरी उघडू नका. ती रिंग उडून माणसं गेली आहेत. हे काम करणारा टायरवाला निवडतानाही त्याच्याकडे हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा आहे का ते विचारा.

हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग कंप्रेसरने घरी उडवू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं नुकसान करतं, साधा मास्क त्याला पुरत नाही. रिम एवढी खड्ड्या-खड्ड्यांची असेल की पेपर पोहोचतच नाही, तर जिल्ह्याच्या एमआयडीसीत सँडब्लास्ट आणि पावडर कोटिंग करून घ्या. टायर आणि व्हॉल्व्ह आधी काढून न्या, भट्टी २०० अंशांपर्यंत तापते. नटाच्या जागा झाकायला त्यांनाही आठवण करून द्या.

रंग झाल्यावर चाक निदान एक दिवस उभं वाळू द्या, इनॅमल असेल तर दोन. नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकारात आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) नसेल तर टायरच्या दुकानात आवळून घ्या. पन्नास-साठ किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावा. एखादा नट तेव्हा फिरला, आवळला आणि पुढच्या पन्नासला पुन्हा फिरला, तर चाक काढा. नटाच्या कडेला रंग राहिलेला आहे किंवा भोक रुंदावलं आहे. भोक रुंदावलं असेल तर ती रिम स्टेपनीला लावूनही ठेवू नका.